दहा आणे सुवास

चंदनपूरच्या महाराजांचा पांढरा फेटा सलग तिसऱ्या सकाळी करडा झाला, तेव्हा दिवाण त्र्यंबकपंतांनी सज्जातून खाली बोट दाखवलं. कुंभारवाड्यातून धुराचा लोट वर चढत होता.

"ते बघा, महाराज. शहर काळं करणारे ते."

महाराजांना बसल्या जागी मिळणारा न्याय फार आवडे. लगेच हुकूम सुटला: दसऱ्याला कुंभारांनी मडकी भाजायचे आवे मोडून नदीपलीकडे जावं.

भिवा कुंभाराने हुकूम ऐकला आणि फिरतं चाक थांबवलं. नदीपलीकडची माती रेताड. तिचं मडकं राहू दे, पणतीही धड होत नसे. त्याची मुलगी म्हाळसा मात्र हात धुऊन थेट दरबारात गेली.

"महाराज, धूर आमचा आहे. पण सगळा आमचा नाही."

"मग कोणाचा किती?"

"लोहारांचा आहे, भडभुंज्यांचा आहे, घरोघरच्या चुलींचा..."

"किती, ते विचारलं मी. आभाळातला धूर निवडून दे, तांदळातले खडे निवडतेस तसा. सोळा आण्यांत कुंभार किती, लोहार किती. जमलं तर राहा. नाही तर गाडी जोडा."

दरबार हसला. "सूप लागलं तर माग हो पोरी," दिवाण म्हणाले.

"सूप नको, पंत. वाड्याच्या गच्चीवर एक दोरी बांधू द्या."

दोरी बांधताना तिला वाड्यामागचं धुराडं दिसलं. तिथे मुदपाकखाना दिवसरात्र पेटलेला असे, आणि शेजारी हत्तींच्या अंघोळीचं पाणी कढयांतून उकळत असे. हत्तींनी ऊन पाणी कधी मागितलं होतं, ते कोणाला आठवत नव्हतं.

"तिकडे बघू नकोस," दिवाण म्हणाले. "राजवाड्यातून निघतो त्याला धूर म्हणायची बंदी आहे. तो सुवास."

"बरं," म्हाळसा म्हणाली आणि डोळे पुसले. सुवास डोळ्यांत गेला होता.

घरी पांढऱ्या मांजरपाटाचा एक तागा होता. आईने पांघरायच्या पासोडीसाठी आणलेला. आई गेली आणि पासोडी शिवायची राहिली. म्हाळसाने तो थोडा वेळ मांडीवर ठेवला, मग पट्ट्या फाडायला घेतल्या. रोज सकाळी एक पट्टी गच्चीवर, एक आपल्या आळीत. संध्याकाळी दोन्ही उतरवायच्या. पितृपक्ष लागला होता. दसऱ्यापर्यंत तिने एक दिवस चुकवला नाही.

दसऱ्याला दरबार भरला. म्हाळसाने पट्ट्या गालिच्यावर मांडल्या.

"या गच्चीवरच्या, सोमवारच्या. सोमवारी आमच्या आळीत आवा पेटवत नाहीत. इतर दिवसांपेक्षा या जेवढ्या उजळ, तेवढा धूर आमचा. दोन आणे. शनिवारी लोहारांचे भाते बंद, त्यांचे दोन. गुरुवारी भडभुंजे चणे-फुटाण्यांची भट्टी लावत नाहीत, त्यांचा एक."

"आणि वारा?" दिवाणांनी विचारलं. "वारा फिरला की तुझा हिशेब फिरला."

"म्हणून तर एका सोमवारावर विसंबले नाही, पंत. वारा कधी इकडचा, कधी तिकडचा. सोमवार मात्र सगळे सारखेच उजळ निघाले."

"घरच्या चुली?" महाराज पुढे वाकले.

"त्या कालच्या पट्टीवर कळल्या. काल खंडेनवमी. कुंभारांचं चाक, लोहारांचा घण, भडभुंज्यांचा झारा, सगळं हळदकुंकू लावून पुजलेलं. गावात फक्त चुली पेटल्या. ही बघा आमच्या आळीतली पट्टी, जवळजवळ पांढरी. एक आणा."

"सहाच झाले की! उरलेले दहा?"

"ते धुरात सापडले नाहीत, महाराज."

"म्हणजे हरलीस," दिवाण म्हणाले.

म्हाळसाने शेवटची पट्टी उलगडली. कोळशाच्या पोत्यासारखी काळी.

"ही कालचीच, तुमच्या गच्चीवरची. गावात एक भट्टी पेटली नव्हती, तरी ही अशी. पण मला धूर निवडायचा हुकूम होता. आणि हा धूर नाही, असं खुद्द पंतांनी सांगितलंय. हा सुवास. तो दहा आणे."

महाराजांनी पट्टी उचलली, नाकाशी नेली आणि जोरात खोकले. मग हसले. मग पुन्हा खोकले. त्यात हसू किती आणे आणि खोकला किती, ते कोणालाच निवडता आलं नाही.

"कुंभार राहतील," ते डोळे पुसत म्हणाले. "हत्ती उद्यापासून नदीवर जातील. तुला काय हवं, माग."

"माझं मांजरपाट परत हवं. होतं तसं पांढरं. पासोडी शिवायची राहिलीय."

"नवा तागा देतो."

"नवा नको, महाराज. हेच."

महाराज दिवाणांकडे वळले. "पंत, धुऊन द्या. तुम्ही स्वतः."

पंतांनी पट्ट्या गोळा केल्या. "आणि वाळत कुठे घालू?"

"गच्चीवर दोरी आहेच," म्हाळसा म्हणाली. "काळ्या झाल्या तर पुन्हा धुवा."

महाराज इतके हसले की करडा फेटा मांडीवर पडला. तोवर दिवाण त्र्यंबकपंत धोतराचा सोगा सावरत मुदपाकखान्याकडे आग विझवायला पळत सुटले होते, हातात पाण्याची घागर घेऊन.