छत्रीवरचे तुळशीपत्र

आश्विन शुद्ध नवमी. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, आणि सकाळचा चहा आटोपतो न आटोपतो तोच ऊन पाठीला चावू लागले होते.

अशा दिवशी एकदा एक व्यापारी आपल्या वृद्ध गुरुजींना घर दाखवायला घेऊन आला. रंगनाथराव त्या व्यापाऱ्याचे नाव. लोखंडी सामानाचे दुकान, वाचनालयाचे अध्यक्षपद आणि गावात चार माणसांत मान, असे सगळे व्यवस्थित होते. पाडव्याला त्यांनी गुरुजींचे अपरिग्रहावरचे प्रवचन ऐकले आणि तिथल्या तिथे संकल्प सोडला, की दसऱ्याच्या आत घरातली अडगळ काढायची. वर्षभर जिला हात लागला नाही, ती वस्तू घरात ठेवायची नाही.

संकल्प त्यांनी रीतसर पार पाडला. वस्तू दारात आणायची, दान देताना ठेवतात तसे तिच्यावर तुळशीचे पान ठेवायचे, हात जोडायचे आणि मगच ती कुणाला तरी द्यायची. शेजारी कौतुकाने बघत उभे राहत. रंगनाथरावांनाही दरवेळी अंगावरचे ओझे उतरल्यासारखे वाटे.

"बघा गुरुजी, भिंती दिसायला लागल्या," माजघरात उभे राहून ते म्हणाले.

"भिंती बघायला घर बांधलं होतंस होय रे?" गुरुजी हसले आणि सतरंजीवर बसले.

रंगनाथरावांच्या पत्नी कुमुदताई पाणी घेऊन आल्या. त्यांचे डोळे सुजलेले होते. गुरुजींनी तांब्या घेतला, पण ओठाला लावला नाही.

"मुली, तुझं काय म्हणणं आहे?"

"माझं काय असायचं? हे म्हणतात घर मोकळं झालं. झालंय." त्यांनी मोरीजवळच्या निळ्या प्लास्टिकच्या टबाकडे बोट केले. "हा बघा, नवा आलाय. काल मी देवळात गेले होते, तेवढ्यात यांनी भांडेवालीला बोचकं दिलं. त्याच्या बदल्यात. रंग छान आहे की नाही?"

"जुनी लुगडी होती हो, गुरुजी," रंगनाथराव घाईने म्हणाले. "पार विरलेली. कपाटाच्या तळाशी वर्षानुवर्षं पडून होती."

"पडून नव्हती, ठेवलेली होती." कुमुदताईंचा आवाज चढला नाही. "माझ्या आईची आणि तुमच्या आईची. आपली मेघा पहिल्या बाळंतपणाला दसऱ्यानंतर घरी येणार, हे तुम्हाला ठाऊक होतं. तान्ह्या बाळाच्या दुपट्याला नवं कापड चालत नाही. धुवून धुवून मऊ झालेलंच लागतं. तुमच्या आईनं जाताना आपलं लुगडं स्वतःच्या हातानं घडी करून दिलं होतं, नातीच्या लेकराला म्हणून."

"मला बोलली असतीस तर..."

"माझी बाजाची पेटी काढलीत तेव्हा बोलले होते. तेव्हा म्हणालात, मोह सोड. माझं जुनं झालं की ती अडगळ होते, अहो. तुमचं जुनं झालं की त्याला आठवण म्हणतात."

रंगनाथरावांनी गुरुजींकडे पाहिले. ते आता मोहाविषयी दोन शब्द सांगतील आणि ही शांत होईल, अशी त्यांना आशा होती.

गुरुजी म्हणाले, "कुमुद, वृंदावनातली ओंजळभर तुळशीची पानं आण."

पाने आली. गुरुजींनी ती रंगनाथरावांच्या हातात दिली. "या घरात जिथे तुझी स्वतःची वस्तू होती आणि तू ती सोडलीस, त्या रिकाम्या जागेवर एकेक पान ठेवून ये."

हे कसले कोडे, असे मनात म्हणत रंगनाथराव निघाले. माजघराचा कोपरा रिकामा होता, पण तिथे कुमुदची पेटी असायची. लग्नाआधी ती गाणे शिकत होती. स्वयंपाकघरातून पाटा-वरवंटा गेला होता, तोही तिच्या माहेरचा. गच्चीच्या जिन्याखाली मेघाची सायकल असायची. निजायच्या खोलीत त्यांनी कपाट उघडले. वरचे कप्पे गच्च भरलेले होते. वाचनालयात, शाळेत, व्यापारी मंडळात सत्काराला मिळालेल्या शाली, प्रत्येक आपापल्या पिशवीत. मागे मानचिन्हांची रांग. एकाही शालीची घडी कधी मोडली नव्हती. 'या वेगळ्या,' असे ते स्वतःशी म्हणाले आणि त्यांनी कपाट लावून घेतले. शेवटी दाराआडच्या खुंटीखाली त्यांना जागा सापडली. तिथे पान ठेवून, बाकीची ओंजळ तशीच घेऊन ते परत आले.

"ठेवलंस?"

"एक ठेवलं. छत्री होती."

"चांगली होती?"

"काड्या मोडल्या होत्या," रंगनाथराव हळूच म्हणाले.

गुरुजींनी उरलेली पाने कुमुदताईंकडे दिली. त्या उठल्या आणि एकेक पान ठेवत गेल्या. माजघर, देवघराशेजारचा कोनाडा, जिन्याखाली, स्वयंपाकघरातल्या फळ्या. फळ्यांपाशीच पाने संपली. कपाटापुढे त्या रिकाम्या हातांनी बसल्या आणि तळच्या कप्प्यावर नुसता तळहात टेकला.

"इथे ठेवायला पान उरलं नाही," त्या म्हणाल्या.

मग गुरुजी बोलले. "रंगनाथा, अपरिग्रह म्हणजे आपली मूठ सैल करणं. तू दुसऱ्याच्या मुठी उघडत गेलास. तुझ्या हातून गेली ती एक मोडकी छत्री, आणि त्याग केल्याचं समाधान मात्र घरभराचं घेतलंस. ज्याला सोडताना जड जातं, पान त्यानंच ठेवायचं असतं. हे कुणाचं आणि कशासाठी ठेवलंय, एवढंही तू विचारलं नाहीस. माझे शब्द केरसुणीसारखे वापरलेस आणि काय लोटतोय ते खाली वाकून बघितलं नाहीस."

"आता काय करू, गुरुजी?"

"तेही मलाच विचारतोस?"

रंगनाथराव पत्नीकडे वळून म्हणाले, "कुमुद, काय करू?"

"लुगडी आणा."

भर उन्हात ते बाजारामागच्या गल्लीत गेले. भांडेवाली ताडपत्रीवर कपडे निवडत बसली होती.

"तुमचं बोचकं? ते कालच गेलं की, काका. मऊ माल टिकतोय कुठं. त्या समोरच्या गॅरेजवाल्यानं नेला. यंत्रं पुसायला तसलाच लागतो त्यांना."

गॅरेजात एका माणसाने हात पुसून टाकलेला फडका रंगनाथरावांनी खालून उचलला. तेलाने काळा झाला होता, तरी हिरवा काठ कळत होता. लहानपणी शाळेतून आल्यावर आईच्या याच पदराला त्यांनी तोंड पुसले होते. बाकीचे तुकडे वापरून झाल्यावर जाळून टाकले होते.

कुमुदताईंनी तो तुकडा गरम पाण्यात भिजवला, साबण लावला, पुन्हा भिजवला. तेल निघाले नाही. रंगनाथरावांनी कपाटातल्या सगळ्या शाली काढून त्यांच्यापुढे ठेवल्या.

"यांची दुपटी कर."

त्यांनी एक शाल मनगटाच्या आतल्या बाजूवर फिरवून पाहिली.

"बाळाला टोचेल," असे म्हणून त्यांनी ती पुन्हा घडी घालून पिशवीत ठेवली.

पौषात मेघाला मुलगी झाली. तिला दुकानातून आणलेल्या टॉवेलात गुंडाळले. शाली कपाटाच्या वरच्या कप्प्यांत आहेत. तळचा कप्पा रिकामा आहे.