धुतलेला लंगोट

"मग कुस्ती सोडली, तर मी कोण, वस्ताद?"

सर्जेराव तालमीच्या दारातच उभा. हातात लंगोट. धुतलेला, नीट घडी घातलेला.

वस्ताद स्टुलावर बसून थंडाईचे बदाम सोलत होते. भिजलेला बदाम दाबला की टुणकन उडतो. एक उडाला तो थेट हौद्यातल्या लाल मातीत. वस्तादांनी त्या बदामाकडं बघितलं. सर्जेरावाकडं नाही.

(बदाम नंतर मी खाल्ला. मातीनं चवीला काही होत नाही.)

आमच्याकडं कुस्ती सोडायची एक रीत आहे. लंगोट धुवायचा, मारुतीपुढं ठेवायचा, वस्तादांच्या पाया पडायचं, आणि घरी जाऊन म्हशी राखायच्या. रडायची सक्ती नाही, पण बहुतेक जण रडतात.

आता सर्जेराव म्हणजे साधं प्रकरण नव्हे. बाप पैलवान, आजा पैलवान. घरात जिंकलेल्या गदा एवढ्या, की पाहुण्याला बसायला जागा नाही. ह्याची मानही पाळण्यापासूनच ताठ. आम्हा पोरांशी बोलायचा तेसुद्धा वरून, जिना उतरल्यासारखा.

आणि काल जत्रेत ह्याची लियाकतशी कुस्ती लागली. लियाकत शेजारच्या गावचा, ह्याच्या निम्मा. सर्जेरावानं त्याचा हात धरून पिळला. खांद्यात कट्ट झालं. आता नुसती पाठ टेकवायची, की मानाचा फेटा ह्याचा.

तर ह्यानं लियाकतला मातीत बसवला. दंड धरला, हळू फिरवला आणि निसटलेला खांदा जागेवर घातला. वर विचारलं, बरं वाटतंय का.

लियाकतला बरं वाटलं. इतकं बरं, की त्यानं उठून ह्याचा पाय ओढला आणि ह्याला उताणा पाडला.

गाव अजून हसतंय. बाप तेवढा हसला नाही. ह्या घरात पैलवान राहतात, म्हणाला, तू कोण ते वस्तादांना विचार आणि मगच उंबरा ओलांड.

म्हणून ही स्वारी दारात.

"खांदा निसटला, ते तुला कसं कळलं?" वस्तादांनी विचारलं.

"हाताला कळलं."

"आणि पाठ टेकवायची वेळ झाली, ते?"

सर्जेरावानं लंगोटाची घडी उगाच पुन्हा सारखी केली.

"ते न्हाई कळत, वस्ताद. एवढी वर्षं माती खाल्ली, पण ते मला आठवावं लागतं."

वस्तादांनी आणखी एक बदाम उडवला. ह्या वेळी नेमका तोंडात.

"हां..." म्हणाले. एवढंच.

वस्ताद स्टुलावर बसतात, कारण त्यांचा डावा गुडघा वाकत नाही. जुन्या कुस्तीचं दुखणं. त्या गुडघ्याला कुणी हात लावायचा नाही. घरच्या काकींनी पण नाही. पाया पडताना माझा एकदा लागला, तर अख्खा हौदा खोऱ्यानं खणायला लावला होता.

तेवढ्यात दारात लियाकत. काखेत फेटा, दुसरा हात लोंबकळतोय. म्हणाला, फेटा तुमच्या पैलवानाचा आहे, त्याला द्या. जिंकला मी, पण बांधायला हातच वर जाईना, कालपासून बोडकाच फिरतोय.

सर्जेरावानं फेट्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"हात असा लोंबकळत ठेवून चालत आलास?"

"मग काय डोक्यावर घेऊन येऊ?"

"बस खाली."

काल जिंकलेला गडी निमूट बसला.

सर्जेरावानं डोळे मिटले. खांदा चाचपला. कुठंतरी बोटं थांबली, पुढं गेली, परत आली. मग त्यानं लियाकतचा हात छातीशी दुमडला. बांधायला कापड पाहिजे होतं. हातात होतंच. त्यानं लंगोटाची घडी मोडली, त्याची झोळी केली, त्यात हात ठेवला आणि मानेमागं गाठ मारली.

लियाकतनं नाक जवळ नेलं.

"धुतलाय नव्हं?"

"धुतलाय. मारुतीपुढं ठेवायचा होता."

"मग हरकत न्हाई."

सर्जेरावानं त्याला दम भरला. हात अजिबात हलवायचा नाही, आणि आजच्या आज दवाखान्यात जाऊन फोटो काढायचा, कारण हाडाला आत चीर असली तर ती बोटांना कळत नाही. लियाकतनं मान हलवली. शाळेतल्या मास्तरांपुढं पण तो एवढा सरळ बसला नसेल.

मग सर्जेरावाला आठवलं, आपण कशाला आलोय ते. त्यानं रिकाम्या हातांकडं बघितलं. मारुतीकडं बघितलं...

ठेवायला काही उरलंच नव्हतं.

"वस्ताद, आता घरी काय सांगू? मी कोण?"

वस्तादांनी बदामांची वाटी बाजूला सारली. धोतर वर घेतलं. आणि डावा पाय हळूहळू त्याच्यापुढं लांब केला.

आम्ही पोरं जोर मारायचे थांबलो.

"घरचं नंतर बघू," वस्ताद म्हणाले. "आधी हा गुडघा बघ."