लांडग्याच्या डोक्यावरचं मुंडासं

नदीच्या अलीकडे एक राज्य होतं आणि पलीकडे दुसरं. अलीकडच्या राज्यात एक ठसेकार राहायचा. लाकडावर चित्र कोरायचं, शाई लावून कागदावर उठवायचं आणि आठवडी बाजारात विकायचं, हा त्याचा धंदा. राजा, प्रधान, कोतवाल, कुणाचीच टोपी उडवायला तो भ्यायचा नाही. लोक पोट धरून हसायचे.

एके वर्षी आवई उठली, की पलीकडचे चाल करून येणार. झालं! सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ठसेकाराने एक लांडगा कोरला आणि त्याच्या डोक्यावर पलीकडचे लोक घालतात तसं उंच मुंडासं चढवलं. चित्रं हातोहात खपली. मग हा बहाद्दर दर आठवड्याला तोच ठसा काढायचा, पटाशीने लांडग्याचे दात जरा वाढवायचा आणि पुन्हा छापायचा.

पलीकडचा एक म्हातारा नावाडी उतारू घेऊन ये-जा करायचा. एकदा तो ठसेकाराच्या दारात आला.

"दादा, घाटावर लोक मला दगड मारतात. लांडग्याचं मुंडासं तेवढं काढा की."

"मुंडासं काढलं तर लांडगा कुणाचा ते कळणार कसं?"

"तुमची लेक आमच्याकडेच दिलीय ना? बाळंतपणाला ती माझ्याच नावेतून येणार."

"अहो, थट्टा आहे ती. आणि नवा ठसा कोरायला आठ दिवस लागतात, बाजार उद्यावर आलाय."

नावाडी निघून गेला. ठसेकाराने दात आणखी लांबवले.

पुढच्याच बाजारी कुणीतरी ओरडलं, "लांडगे आले!" सगळा बाजार चित्रं हातात घेऊन घाटावर धावला. नावेत मुंडासं दिसलं मात्र, दगडांचा मारा सुरू झाला. नाव उलटली. ठसेकारही काठावर होता. पुढचं चित्र कसं काढावं, हेच त्याच्या डोक्यात चाललं होतं.

रक्तबंबाळ नावाड्याने एका गरोदर बाईला काठाला ढकललं. तो स्वतः मात्र पुन्हा वर आला नाही.

बाईने मान वर केली. ती ठसेकाराची लेक होती.

"बाबा, हे आम्हाला का मारतायत?"

ठसेकार तिच्याकडे धावला. एवढ्यात शेजाऱ्याने मागून त्याच्या पाठीवर थाप मारली. "शाबास! तुम्ही दाखवलं नसतं, तर हे लांडगे आहेत हे आम्हाला कळलंही नसतं."

मुलांनो, एवढं ध्यानात ठेवा: राजाची खुशाल थट्टा करा, पण भ्यालेल्या माणसाला शेजाऱ्यात लांडगा दाखवू नका. तो थट्टा विसरतो आणि दगड उचलतो.