उद्यापन नसलेला वसा

ऐक प्रभो, तुझ्या वधस्तंभाची कहाणी.

आटपाट गाव होतं. गावाला ओढा होता, ओढ्याकाठी कौलारू देऊळ होतं. देवळात मूर्ती नव्हती, समई नव्हती. भिंतीवर लाकडाचा वधस्तंभ आणि दारात एक घंटा. त्या गावात दिनाबाई राही. घरी दूधदुभतं होतं, कणग्या ज्वारीनं भरलेल्या होत्या. पोटी मूल नव्हतं.

दिनाबाईला एक धाकटी जाऊ होती, ओढ्यापलीकडच्या गावात राही. तिचं नाव रिबका. रिबकाला मुलगी झाली आणि बाळंतपणातच छातीचं दुखणं लागलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिला मोठ्या दवाखान्यात न्या, लेकरू जवळ ठेवू नका." मग गाडी जुंपली. रिबकानं तान्ही दिनाबाईच्या ओटीत घातली. म्हणाली, "अक्का, तुमच्या पदरात टाकते. बरी झाले की माघारी द्या."

"देईन गं, तू आधी बरी हो," दिनाबाई म्हणाली. मग गाडी गेली.

मुलीचं नाव सलोमी ठेवलं. सलोमी रांगू लागली, चालू लागली, बोलू लागली. पहिला शब्द बोलली तो "आई", आणि बोलली दिनाबाईकडे बघून. दिनाबाईनं ओ दिली. त्यात कोणी चूक काढली नाही. मग त्या हाकेवर दिनाबाईचा दिवस उगवे, त्या हाकेवर मावळे.

एके दिवशी निरोप आला, रिबका बरी झाली. दिनाबाईनं हातातलं काम टाकलं. ती उठली, देवळाकडे गेली. पायरीवर हन्नाबाई बसली होती. हन्नाबाई म्हातारी बायबलबाई, घरोघर जाऊन बायांना शास्त्र वाचून दाखवी.

"बाई बाई, माझा जीव थाऱ्यावर नाही. मला एखादा वसा द्या."

"तुला वसा कशाला? उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील."

"उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही."

मग हन्नाबाईनं सांगितलं, "सकाळी उठावं. चूल पेटवण्याआधी हात जोडावे. 'प्रभो, माझं नको, तुझं होवो,' असं म्हणावं. हाताला जे घट्ट चिकटलं असेल ते खाली ठेवावं. ठेवलं ते कुणाला सांगू नये."

"आणि उद्यापन कधी करायचं?"

हन्नाबाई हसली. "आत्तापासून जेवणावर डोळा का गं? ऐक, याचं असं आहे..." तेवढ्यात घंटा झाली. दिनाबाई पदर सावरून आत गेली. उत्तर पायरीवरच राहिलं.

दिनाबाईनं वसा घेतला. गूळ सोडला, चहा सोडला. हातातले बिल्वर काढून देवळाच्या पेटीत टाकले. गादी सोडून घोंगडीवर निजू लागली. गावभर कळलं. कसं कळलं? दिनाबाईनंच प्रत्येकीला सांगितलं, "कुणाला सांगू नका हं," म्हणून.

नवरा म्हणाला, "गूळ सोडलास, चहा सोडलास. आता मलाही सोड, म्हणजे मी सुटलो." मग हसू आवरून हळूच म्हणाला, "पण पोरीचं काय? ती रिबकाची आहे."

दिनाबाईनं भाकरी तव्यावर टाकली.

मग रिबका आली. उंबऱ्यात उभी राहिली. "अक्का, पोरीला न्यायला आले." दिनाबाई म्हणाली, "आज तिला ताप आहे." रिबका माघारी गेली. पुन्हा आली. "ती माझ्या माहेरी गेली आहे." रिबका माघारी गेली. तिसऱ्यांदा आली. "ती तुला ओळखत नाही गं, रडून जीव देईल. पुढं बघू." रिबका पदर तोंडाला लावून माघारी गेली.

तिन्ही दिवशी सकाळी दिनाबाईनं हात जोडले होते. पहिल्या दिवशी शब्द नीट म्हटले. दुसऱ्या दिवशी पुटपुटले. तिसऱ्या दिवशी इतके भराभर म्हटले, की देवानं कान द्यायच्या आत संपवले.

मग तिच्या मनानं घेतलं, एवढं सोडलं ते पुष्कळ झालं. आता उद्यापन करावं, देवाच्या ऋणातून मोकळं व्हावं, मग पोर आपलीच. तिनं पुरण शिजवलं, गावाला आवतण दिलं. दारात येऊन बघते तो ओढ्याकडून रिबका येत होती, बरोबर हन्नाबाई.

दिनाबाई मागं फिरली. तिनं सलोमीला आतल्या खोलीत नेलं. तिथं एक कणगी रिकामी होती. "आपण लपाछपी खेळू. मी 'माझे बाई' म्हणून हाक मारीन, तेव्हाच ओ द्यायची. दुसऱ्या कुणी मारली तर गप्प बसायचं." पोर गुणाची, आत उतरून बसली. दिनाबाईनं वर झाकण ठेवलं. झाकण हलू नये म्हणून त्यावर ज्वारीचं गाठोडं ठेवलं.

रिबका आली. "अक्का, आज घेऊनच जाणार."

"खेळायला गेली असेल. तू आधी जेव."

पंगत बसली. रिबकानं घासाला हात लावला नाही. परसात जाऊन हाक मारली, "सलोमी! सलोमी!" ओ आली नाही. दिनाबाई वाढत होती, कान आतल्या खोलीकडे होता. मघाशी आतून खसखस ऐकू येत होती. आता येईना. आत जावं तर बाया सोडीनात. "दिनाबाई, इकडं पोळी!" "दिनाबाई, तूप!" "तुमच्यासारखा त्याग कुणाला जमणार, दिनाबाई?" बाहेर ऊन तापलं, घरात चूल तापली. कणगी चहूबाजूंनी शेणानं लिंपलेली होती.

हन्नाबाईनं विचारलं, "हे जेवण कशाचं गं?"

"तुम्ही दिलेल्या वशाचं उद्यापन."

"त्याला उद्यापन नाही, बाई. तेच सांगत होते, तू उठून गेलीस. आज सोडलं ते उद्या पुन्हा सोडायचं. वधस्तंभ रोज उचलायचा असतो. आणि तू नेमकं काय सोडलंस?"

दिनाबाईच्या हातून तुपाचं भांडं पडलं. ती आत धावली. गाठोडं फेकलं, झाकण काढलं. सलोमी मान टाकून बसली होती. घामानं चिंब, ओठ पांढरे.

"माझे बाई!" ओ नाही. "अगं माझे बाई!" ओ नाही. तिसऱ्यांदा तोंड उघडलं आणि 'माझे' घशातच अडकलं. सकाळीच म्हटलं होतं, माझं नको. एवढी एक धरून ठेवून बाकी सगळं देऊन टाकलं होतं.

"माझी नाही, देवा," ती म्हणाली. "तुझी आहे. जिची तिला दे." मग ओरडली, "रिबका, मीच लपवली गं! ये, तू हाक मार!"

रिबका धावत आली. पोरीला उचलून अंगणात वाऱ्यावर आणलं, तोंडावर पाण्याचा हबका मारला. माणसं उष्ट्या हातांनी उभी राहिली. "सलोमी! बाळा, सलोमी!" पापणी हलली. पोरीनं श्वास ओढला, म्हणाली, "ओ."

मग डोळे उघडून अनोळखी बाईकडे बघितलं, दिनाबाईकडे बघितलं आणि घाबरून म्हणाली, "आई, मी दुसऱ्याच हाकेला ओ दिली. तू तर नको म्हणाली होतीस."

"द्यायची, बाई. ही तुझी आई. मी मोठी आई."

रिबका पोरीला उराशी धरून म्हणाली, "अक्का, जीव घेतला असतात तिचा."

"घेतला असता," दिनाबाई म्हणाली. मग तिनं आपल्या हातानं पोरीचे कपडे बांधून दिले. गाडी गेली.

दुसऱ्या दिवशी दिनाबाई उठली. हात शेजारच्या रिकाम्या अंथरुणावर गेला. पोर काल दिली होती, पण आज मुठीत पुन्हा होतीच. तिनं हात जोडले, पुन्हा दिली. तिसऱ्या दिवशी पुन्हा दिली. कधी सकाळी जमे, कधी दुपार होई. एकदा जमलंच नाही. पायात वहाणा घालून पोरीला माघारी आणायला निघाली, ओढ्यापर्यंत गेली, तिथं बसून रडली आणि परत आली. हे कुणाला सांगितलं नाही. चहा मात्र पुन्हा घेऊ लागली. हन्नाबाई म्हणाली होती, "पी गं, तुझ्या चहावाचून देवाचं काही अडलं नव्हतं."

मग हंगामाचा सण आला. दिनाबाई पीठ मळत होती. दारातून हाक आली, "मोठी आई!"

हात परातीत थांबला. जुनी हाक कानात उठली. तिनं ती खाली ठेवली.

"ओ," दिनाबाई म्हणाली.

सलोमी येऊन गळ्यात पडली. मागं उंबऱ्यात रिबका उभी होती. म्हणाली, "अक्का, ही म्हणते, सुट्टीभर मी इथंच राहणार."

"तू आधी आत ये," दिनाबाई म्हणाली. "उंबऱ्यात किती वेळा उभी राहशील?"

दिनाबाईची मूठ जशी उघडली, तशी तुमची आमची उघडो. हे मागताना जीभ अडखळते, तरी मागावं. आज मागितलं तरी उद्या पुन्हा मागावं. साठां उत्तरांची कहाणी पाचां उत्तरीं सांगितली. सुफळ आज झाली, संपूर्ण रोज व्हायची.