इंदूनं पदवीचं बी तपासलं

एका गावात इंदू नावाची एक बाई होती. गावाचं नाव सांगायचं नाही, कारण तिथले निम्मे लोक या गोष्टीवरून अजून रुसलेले आहेत.

इंदू गावच्या बियाणे संस्थेत कामाला होती. शेतकऱ्यांनीच मिळून काढलेली संस्था. हंगामाआधी पोत्यापोत्यातलं बी तपासायचं हे तिचं काम. ओलं गोणपाट अंथरायचं, त्यावर शंभर दाणे ओळीनं मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची. आठवड्यानं उघडायची आणि किती उगवले ते मोजायचं. सत्तरच्या वर उगवले तर बी चांगलं, कमी उगवले तर पोतं आल्या पावली परत. पोत्यावर कितीही झकास चित्र असो, इंदू तिकडं बघायचीसुद्धा नाही. चित्रातलं सोयाबीन कुणाच्या रानात उगवलंय?

घरी दोन पोरं. ओवी दुसरीत, मल्हार अंगणवाडीत. नवरा भास्कर दुधाचा टेम्पो चालवायचा. पहाटे जायचा, दुपारी यायचा, आला की आडवा व्हायचा. म्हणजे सांभाळायला तीन पोरं म्हटली तरी चालेल.

तर झालं असं, की संस्थेचे व्यवस्थापक तीन वर्षांनी निवृत्त व्हायचे होते. त्यांच्या जागेसाठी पदवी लागत होती, आणि इंदूचं शिक्षण बारावीला थांबलेलं. पदवी मिळाली तर ती जागा मिळण्याची आशा. नाही मिळाली तर बाहेरचा कुणीतरी येणार, खुर्चीत बसणार आणि इंदूलाच बी कसं मोजायचं ते शिकवणार. तिला झोंबत होतं ते हे दुसरं.

पण कॉलेजला जाणार कधी? घरबसल्या मोबाइलवर शिकायचं, एवढी एकच वाट होती.

त्या वाटेवर तिचा दीर दिनकर आधीच जाऊन आला होता. गेला आणि पाच महिन्यांत पदवी घेऊन परतलासुद्धा! मित्रमंडळानं लगेच चौकात फ्लेक्स लावला. त्यावर दिनकर काळा डगला घालून उभा. डगला फोटोवाल्याचा, टोपी संगणकातली. खाली शुभेच्छुक म्हणून सत्तावीस जणांची तोंडं. सरपंचांनी शाल-श्रीफळ दिलं. विद्यापीठ आहे कुठं, हे त्या सत्तावीसांतल्या एकानंही विचारलं नाही. आपल्याकडं सत्कार आधी आणि चौकशी नंतर. आणि नंतर म्हणजे कधीच नाही.

दिनकरचाही डोळा त्याच जागेवर होता. पण गडी दिलदार. म्हणाला, "वहिनी, कशाला दगदग करताय? आमच्या पदवीवाल्याचा नंबर देतो. तुम्हीही होऊन जा पदवीधर!"

इंदूला मोह पडला. खोटं कशाला बोला, चांगलाच पडला. दोन पोरांच्या आईला पाच महिने म्हटलं की साखरेचा घासच तो. दुसऱ्या दिवशी सकाळी भाकऱ्या थापता थापताच तिनं फोन लावला.

"मॅडम, घरीच अभ्यास, घरीच परीक्षा," पदवीवाला म्हणाला. "आजच नाव नोंदवा, उद्या जागा संपतील."

"आणि मला जमलं नाही तर?"

"जमतंच मॅडम! आमचा निकाल शंभर टक्के."

इंदूचा हात भाकरीवर थांबला. "शंभरातले शंभर?"

"शंभरातले शंभर! आजवर एकही नापास नाही."

अकरा हंगाम गोणपाटं गुंडाळण्यात गेलेले, पण इंदूनं शंभरातले शंभर दाणे उगवलेले कधी पाहिले नव्हते. हातानं निवडलेलं बी घ्या, दोन-चार दाणे अंग चोरतातच. फक्त एकदा एका बियाणेवाल्यानं पूर्ण उगवलेलं गोणपाट आणून दाखवलं होतं. इंदूनं ते उचललं आणि झटकलं. सगळे दाणे भुईवर! खऱ्या कोंबांची मुळं गोणपाटाच्या धाग्यात शिरतात, झटकून पडत नाहीत. त्या गड्यानं घरून मोड आणून नुसते ओळीनं मांडले होते.

इंदूनं आता पदवीवाल्याचं गोणपाट झटकलं.

"दादा, तुमच्याकडं शिकून कामाला लागलेल्या दहा जणांची नावं द्या. मी त्यांच्याशी बोलते."

पलीकडं खोकला. मग, "मॅडम, तुमच्याच गावचे दिनकरसाहेब आहेत ना!"

"ते माझे दीर. कामाला लागलेत असं कोण म्हणतं? जेवल्यावर ताट उचलत नाहीत."

फोन कट झाला. भाकरी करपली ती करपलीच.

संध्याकाळी ओवीच्या गुरुजींनी इंदूला संगणकावर सरकारी यादी दाखवली. घरबसल्या पदवी द्यायला कोणकोणत्या विद्यापीठांना मान्यता आहे, ते त्यात लिहिलेलं. दिनकरचं विद्यापीठ तिनं वरून खाली शोधलं, खालून वर शोधलं. नव्हतंच. मग यादीतलंच एक तिनं निवडलं. त्याचं केंद्र तालुक्याला होतं. दुधाच्या टेम्पोत बसून ती तिथं गेली.

खिडकीतल्या बाईंनी मानही वर केली नाही. "शनिवारी, रविवारी ऑनलाइन तास. स्वाध्याय वेळेत. परीक्षा इथं येऊन. तीन वर्षं."

"पास किती होतात?"

"पहिल्या वर्षी निम्मे गळतात. तुमच्यासारख्या लेकुरवाळ्या तर जास्तच. जमत असेल तर अर्ज घ्या, नाहीतर मागच्यांना पुढं येऊ द्या."

इंदूचा चेहरा असा खुलला, की भास्करला वाटलं हिला साडी मिळाली. "अगं, त्या तुला हाकलत होत्या!"

"खरं तेच सांगत होत्या," इंदू म्हणाली.

तरी तिनं दहा नावं मागितलीच. बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या, पण तिच्यासमोरच चारपाच जुन्या विद्यार्थ्यांना फोन लावून दिले. एक परिचारिका झाली होती, ती घाईत होती. एकजण पतसंस्थेत होता. आणि तीन लेकरांची एक आई भेटली. तिनं अर्धा तास नुसतं रडगाणं गायलं, आणि शेवटी म्हणाली, "पण घ्या बरं का तुम्ही. फुकट जात नाही." इंदूनं अर्ज भरला.

पुढची तीन वर्षं सांगण्यासारखी नाहीत. दूध उतू जाऊ नये म्हणून उभं राहून वाचायचं, शाळेच्या फाटकाशी बसून लिहायचं. एका रविवारी तास चालू असताना मल्हारनं डाळीचं पातेलं स्वतःच्या डोक्यावर उपडं केलं, ते प्राध्यापकांसह सगळ्या वर्गानं पाहिलं. पहिल्या वर्षी इंदू अर्थशास्त्रात नापास झाली. दिनकर पोट धरून हसला. "वहिनी, फी भरून नापास? ते तर फुकटातही होता येतं!" इंदू त्या रात्री जेवली नाही. सकाळी तिनं तेच पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून उघडलं.

अखेर जागा निघाली. दोघांचेही अर्ज गेले. संस्थेनं दोघांच्याही पदव्या पडताळणीला पाठवल्या. इंदूच्या पदवीवर पंधरा दिवसांत शिक्का मारून उत्तर आलं. दिनकरच्या पदवीचं पाकीट न फोडताच परत आलं. त्यावर पोस्टमननं लिहिलं होतं, 'या पत्त्यावर मंगल कार्यालय आहे.'

मुलाखतीत अध्यक्षांनी चष्मा सरळ केला. "बाई, पहिल्या वर्षी अर्थशास्त्रात नापास दिसताय."

"हो. म्हणून ते दोनदा शिकले."

जागा इंदूला मिळाली. यावेळी फ्लेक्स कुणी लावला नाही, कारण शुभेच्छुकांची तोंडं उतरलेली होती.

पंधरा दिवस दिनकर दिसला नाही. सोळाव्या दिवशी तालुक्याच्या केंद्राचा कोरा अर्ज घेऊन दारात उभा.

"वहिनी, तेवढा भरून द्या की."

"तुम्हीच भरा, भावजी."

दिनकर ओवीशेजारी चटईवर बसला. ती आता पाचवीत, गणितं सोडवत होती. त्यानं खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि पहिल्याच रकान्यावर अडला.

ओवीनं वहीतून मान वर न काढता आपली पेन्सिल त्याच्याकडं सरकवली. "काका, आधी हिनं भरा. पहिल्यांदा चुकतंच."

तात्पर्य: जिथं कुणी नापासच होत नाही, तिथं कुणी शिकतही नाही. म्हणून पदवी देणाऱ्याची परीक्षा आधी आपण घ्यावी, आणि ज्याला वेळ कमी त्यानं तर घ्यावीच घ्यावी, कारण फसून पुन्हा सुरुवात करायला त्याच्याकडं वेळ नसतो.