काकाने पॅनेलं वाढवली

ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, असं आईने मला बजावलं आहे. घरचं हसं बाहेर नेऊ नये, म्हणते. म्हणून मी गावाचं नाव लिहीत नाही. माणसांची नावंही बदलणार होते, पण मला दुसरी सुचली नाहीत.

तर एका गावात एक भोळा काका होता. त्याचं नाव बाळकू. सांगितलेलं तो कधीच विसरत नसे. सगळी अडचण तीच होती.

त्या वर्षी देशात कोळशाची टंचाई पडली. गावात बोअरला पाणी होतं, मोटर होती, टाकीही होती. वीज तेवढी नव्हती. म्हणून पाणी जमिनीखाली आणि बायका, त्यांच्यासोबत काकाही, हंडे घेऊन ओढ्यावर.

एकदा दिवेलागणीला लाईट गेली. काकाने कंदील लावला. तेवढ्यात लाईट आली. काकाची वहिनी आतून म्हणाली, "भाऊजी, कंदील वाढवा." (ही वहिनी म्हणजे माझी आई. पण ते सोडा.)

काकाने वात वाढवली. मग आणखी वाढवली. काच काळी झाली आणि तडकली.

"अहो भाऊजी, हे काय?"

"तूच म्हणालीस ना, वाढवा."

"दिवा विझवा म्हणू नये, अशुभ असतं. वाढवा म्हणजे बंद करा!"

"असं होय. आता समजलं," काका म्हणाला.

पुढे सरपंच हौसाबाईंच्या नातवाचं बारसं होतं. पंगत बसली, पानांत भात पडला. आचारी म्हणाला, "बाळकू, आमटी वाढ."

काकाने आमटीवर झाकण ठेवलं आणि चुलीत कळशीभर पाणी ओतलं. धुरात पंगत खोकायला लागली.

"काय केलंस रे हे?"

"वाढली."

"अरे शहाण्या, वाढणं म्हणजे माणसापुढे नेऊन पानात घालणं! आणि वर आग्रह करायचा, आणखी हवं का म्हणून!"

"असं होय. आता समजलं."

मग शहरातून साहेब आले. कोळशाच्या भरवशावर बसू नका म्हणाले, आता हरित ऊर्जा आली आहे. टाकीच्या शेजारी त्यांनी सौर पॅनेलं बसवून दिली. काका पॅनेलांभोवती फिरून आला.

"हिरवं कुठंय?" त्याने विचारलं.

सगळे हसले. मीही हसले. खरं तर मलाही तेच विचारायचं होतं.

साहेबांनी हौसाबाईंना बजावलं, "सध्या एवढाच संच आहे. नीट सांभाळा. मोडला तर नवा कधी मिळेल, सांगता येत नाही."

"आमच्या गावात कोण मोडतंय?" हौसाबाई म्हणाल्या.

उद्घाटनाला सगळा गाव जमला. ढोलवाला आला. नारळ काकाच्या हातात होता. साहेब म्हणाले, "चला, नारळ वाढवा."

काकाने पळत जाऊन केळीचं पान आणलं. ते साहेबांपुढे मांडलं, त्यावर शेंडीसकट नारळ ठेवला, आणि कडेला चिमूटभर मीठ.

"आणखी हवं का?"

हौसाबाईंनी कपाळावर हात मारला. "अरे बाळकू, वाढव म्हणजे फोड! दगड घे आणि हाण. पाणी उडालं पाहिजे!"

"असं होय. आता समजलं."

काकाने दगड हाणला. पाणी उडालं. ढोल वाजला, टाळ्या पडल्या. मग साहेबांनी बटण दाबलं आणि टाकीच्या नळाला धार लागली. आईने नळाखाली हात धरला आणि नुसती हसत उभी राहिली. हंडा भरायचं तिला सुचलंच नाही.

साहेब भाषणाला उभे राहिले. सूर्य म्हणे कधी भारनियमन करत नाही. सगळ्या देशाने असंच करायला हवं. शेवटी ते जोरात म्हणाले, "पण एवढ्यावर थांबू नका. पॅनेल वाढवा!"

काकाच्या हातात दगड होताच.

पहिलं पॅनेल फुटलं. ढोलवाल्याने ढोल वाजवला. कार्यक्रमातलंच असेल म्हणून आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण पाणी उडालं नाही. काकाने वाकून पाहिलं, मान हलवली, आणि दुसरं फोडलं. त्यातूनही पाणी उडालं नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं. पण मला चारचौघांत बोलायची लाज वाटते. मी "अहो काका" म्हणेपर्यंत रांग संपली होती.

नळाची धार बारीक झाली, मग थेंब, मग तेही नाही.

"साहेब, सगळी वाढवली," काका घाम पुसत म्हणाला. "एकातही पाणी नाही. तुम्हाला दुकानदाराने फसवलं."

आता नवीन पॅनेलं यायची आहेत. कधी, ते कुणाला माहीत नाही. हौसाबाईंनी काकाला आधीच दम भरला आहे, "यापुढे कशालाही हात लावायचा नाही!" काकाला ते समजलं. त्या दिवसापासून तो कशालाच हात लावत नाही. घागरीला नाही, हंड्याला नाही. त्यामुळे ओढ्यावरून त्याच्या वाटचं पाणी आता रोज मला—

"अगं ए तनुजे, लिहीत काय बसलीस? हंडा उचल, चल!"

आले गं आई, एवढं एक वाक्य