महाराजांचा फ्लूक

महाराजांनी नेम धरला बिलियर्डच्या टेबलाच्या डावीकडच्या खिशावर. लाल चेंडू तिकडे फिरकलाच नाही. या कडेला आपटला, त्या कडेला आपटला आणि उजवीकडच्या खिशात जाऊन पडला.

महाराज म्हणाले, "अरेच्चा!"

दरबारी म्हणाले, "वाहवा!"

आणि गुण मांडणारा मार्कर रखमाजी सवयीने म्हणाला, "फ्लूक."

तिथंच घात झाला. नेम एकीकडे नि चेंडू पडला भलतीकडे, की बिलियर्डवाले त्याला फ्लूक म्हणतात. पण कुरडगाव संस्थानात हा शब्द फक्त पाहुण्यांच्या फटक्याला लावायचा रिवाज होता. महाराजांच्या हातून होईल तो नेमच.

महाराज लालबुंद झाले. "फ्लूक होता? मग उद्या सकाळी साक्षीदार आण. नाही आणलास, तर नोकरी गेली आणि संस्थानही सोडायचं."

आता साक्षीदार कुठून मिळणार? दिवाणजी म्हणाले, "चेंडू जरा वळसा घेऊन गेला खरा, पण महाराजांच्याच हुकमाने." बाकीच्यांनी माना डोलावल्या. बिचाऱ्यांना घरदार होतं.

रखमाजीने रात्रीच गाठोडं बांधलं. सकाळी त्याची लेक सगुणा म्हणाली, "बाबा, ते राहू दे. मी येते संगं महाराजांकडं."

"कुठाय साक्षीदार?" महाराजांनी विचारलं.

"हाय की, महाराज," सगुणा म्हणाली. "पण मी अडाणी. खरा नेम कसा असतो, तेवढं आधी बघू द्या."

महाराज खूश झाले. क्यूची काठी उचलली, समोरच्या खिशावर नेम धरला. चेंडू सरळ आत. महाराजांनी शांतपणे मिशीवर हात फिरवला.

"आत्ता 'अरेच्चा' न्हाई म्हणालात, महाराज?"

"खुळी का काय, पोरी? अरेच्चा कशाला म्हणू? तिथंच मारला होता, तिथंच गेला."

"मग काल का म्हणालात?"

दिवाणजी छताकडे बघू लागले.

"माझा साक्षीदार तुम्हीच, महाराज," सगुणा म्हणाली. "तुमच्यापरीस मोठा मी कुठनं आणू?"

महाराज असे हसले, की क्यू हातातून गळून पडला. रखमाजीची नोकरी कायम झाली. महाराजांनी हातातलं सोन्याचं कडं काढून सगुणाला दिलं.

"वाहवा!" दिवाणजी ओरडले. "मी कालच म्हणणार होतो, फ्लूकच होता तो."